नाटकांतून इंग्रजी : ‘बिरबलाची खिचडी’

शाळेंत इंग्रजी नाटक बसवावयाचें म्हटलें कीं पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : परीक्षा जवळ आली असतां हा खेळ कशाला? प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर आम्ही येथें एका लहान नाटकाच्या आधारानें देणार आहोंत.

पिंगळी हें परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव. अशा गांवांतील मुलाच्या कानीं इंग्रजी पडते ती बहुधा वर्गांतच. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. म्हणजे आठवींतील मुलानें ती सात वर्षें वाचलेली व लिहिलेली असते, परंतु कोणास उद्देशून बोललेली नसते. शब्द पाठ, पण तोंड उघडत नाहीं. घरीं इंग्रजी जाणणारें कोणी नाहीं याची पालकांना खंत वाटते. ती बाळगण्याचें कारण नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता व वरच्या इयत्तांचें शिक्षण मुख्यतः उर्दूंतून होई. घरांत मराठी बोलणाऱ्या कित्येकांनीं तेव्हां भूगोल आणि गणित परक्या भाषेंतच आत्मसात केलें.

नाटक कोणतें घ्यावें? शेक्सपिअरचें नांव सहज सुचतें. पण आपल्याकडे तो आधीं मराठी वेष घेऊन आला : आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें, देवलांनीं १८९० सालीं ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचलें. मूळ नाटक शाळेंतील मुलांच्या माथीं मारणें आम्हांस पसंत नाहीं. पोपटपंची मात्र होते. उलट दिशेनें जावें. जी गोष्ट मुलांस मराठींत तोंडपाठ आहे, तीच इंग्रजींत उभी करावी.

‘बिरबलाची खिचडी’ सर्वांच्या परिचयाची आहे. इनामाच्या आशेनें एक गरीब मनुष्य रात्रभर थंड पाण्यांत उभा राहतो. दूरच्या दिव्याकडे पाहत रात्र काढली, असें तो भोळेपणानें सांगतो, व त्या दिव्याची ऊब मिळाली असें म्हणून दरबार त्याचें इनाम बुडवितो. मग बिरबल खिचडीचें भांडें विस्तवापासून कितीतरी उंच टांगतो. पौषाची थंडी व बुडालेली मजुरी म्हणजे काय, हें आमच्या मुलांना समजावून सांगावें लागत नाहीं.

दरबारांतील चौकशी म्हणजे व्याकरणाचा उत्तम धडा आहे. ‘तूं पाण्यांत उभा होतास काय?’ हें विचारतांना मुलें हटकून ‘डिड यू स्टुड’ म्हणतात. भूतकाळाचा भार ‘डिड’नें उचलला, आतां क्रियापदानें मूळ रूपांत यावें, म्हणजे ‘डिड यू स्टँड’, हा नियम फळ्यावर दहादां लिहून जो ठसत नाहीं, तो तीन दरबाऱ्यांनीं एकामागून एक तोच प्रश्न विचारला म्हणजे जिभेवर बसतो.

दुसरी गंमत आपल्या ‘च’ची. मराठींत ‘तूंच पाण्यांत होतास’ आणि ‘तूं पाण्यांतच होतास’ यांत भेद एका अक्षरानें होतो. इंग्रजींत बहुधा तें काम आवाजाच्या जोरावर चालतें. ‘यू’वर जोर दिला तर बादशहाला माणसाचा संशय, ‘वॉटर’वर दिला तर जागेचा. ‘यू’ची आणखी एक अडचण : बादशहा गरिबाला ‘यू’ म्हणतो, आणि गरीबही बादशहाला ‘यू’च. तूं, तुम्ही व आपण हे तिन्ही त्या एका शब्दांत सामावतात. आदर दाखवावयाचा तो ‘माय लॉर्ड’सारख्या संबोधनानें, लवलेल्या मानेनें, जोडलेल्या हातांनीं. उच्चाराचें म्हणाल तर ‘व्हेरी कोल्ड वॉटर’ एवढे तीनच शब्द पुरेत. पहिल्या शब्दांत वरचे दांत खालच्या ओठास टेकतात, तिसऱ्यांत दोन्ही ओठ गोल होतात. आमचा एकटा ‘व’ हीं दोन्ही कामें करीत असल्यामुळें ही कसरत आरशासमोर करावी लागते.

भूमिका वांटतांना धीट मुलाला बादशहा करण्याचा मोह होतो, व तो क्षम्य आहे. परंतु गरिबाची भूमिका, मुलगा असो वा मुलगी, वर्गांत सर्वांत कमी बोलणाऱ्यास द्यावी. त्याचीं वाक्यें आंखूड असतात. तो थंडीनें काकडलेला व भ्यालेला आहे. तो अडखळला, थांबला, आवाज कांपला, तरी तें प्रसंगास शोभून दिसतें. आमच्या मतें भीतीचा असा उपयोग दुसऱ्या कोणत्याही पाठांत होत नाहीं.

तालीम प्रथम मुक्यानें करावी, मग एकदां मराठींत, व त्यानंतरच इंग्रजीचा कागद हातीं द्यावा. आठवड्यांतून तीन वेळां वीस मिनिटें पुरतात. अभ्यासाचा वेळ बुडतो ही तक्रार राहत नाहीं. पालकांनीं प्रयोगास अवश्य यावें. भांडें वर चढूं लागलें कीं इंग्रजीचें अक्षरही न येणाऱ्या आजीबाई मुलांच्या आधीं हंसतात.

शेवटचें वाक्य बादशहाचें : ‘गिव्ह हिम हिज मनी.’ जोर कोठें द्यावा याचा निर्णय वर्गावर सोंपवावा. ‘गिव्ह’वर दिला तर तें दान होतें, ‘हिज’वर दिला तर त्याचेंच देणें. यावर मुलें तासभरही भांडतील. भांडूं द्यावें, मात्र इंग्रजींत.

भांडें टांगण्यास तिकाटणें वाळलेल्या बांबूंचें करावें. विस्तव खरा नको. लाल कागद व आंत एक विजेरी एवढ्यानें काम भागतें.