भिन्न संगणक, एकच प्रणाली

गोडादऱ्यातील आपल्या कित्येक घरांत निरनिराळ्या बनावटीचे जुने संगणक आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची मदत थांबली, म्हणून ते भंगारात घालावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सच्या गाभ्यातच नाना यंत्रभागांचे ड्रायव्हर असतात; सुरू होतेवेळी तो भाग ओळखून जुळता ड्रायव्हर जोडतो. म्हणूनच एका पेनड्राइव्हवरून अनेक बनावटींवर तीच प्रणाली बसते. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही लिनक्सचीच.

मात्र प्रथम मुलांचे लेखन व छायाचित्रे दुसरीकडे उतरवावीत. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांची प्रणाली चालत नाही, हे पाहावे. पेनड्राइव्हवरूनच चालवून आवाज, वायफाय तपासावे, मगच बसवावी. पुसलेले परत मिळणे कठीण.