शालेय कर्मशाळा आणि अनुदानाचा विनियोग

हस्तव्यवसाय हा विषय खेड्यातील शाळेस नवा नाही. तकली, सुतारकाम व मातीकाम यांच्या जोडीस आता संगणकाने चालणारी यंत्रे आली आहेत, इतकेच. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब निघाली. तेव्हा ही यंत्रे म्हणजे शहरांचीच मिरासदारी, असे मानण्याचे कारण नाही.

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ साली सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू झाली. तीत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले: १० लाख उभारणीसाठी व उरलेले फार तर पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. यंत्रे विकत घेणे सोपे. कसोटी लागते ती चालू खर्चाच्या रकमेत. कित्येकदा साहित्य बिघडेल या भीतीने ते कपाटात कुलूपबंद राहते, आणि मुलांच्या वाट्यास केवळ दर्शन येते!

थ्रीडी प्रिंटरचेच उदाहरण घ्यावे. प्लास्टिकची तार सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवून तो थरावर थर रचतो. पावसाळ्यात ही तार ओल शोषून घेते, ठिसूळ होऊन तुटते, आणि यंत्र बिघडल्याचा समज होतो. वस्तुतः तार घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावयास हवी. चालू खर्चाच्या अंदाजपत्रकात तारेबरोबर या पुड्याही मांडाव्यात.