ई-रेट: वाचनालयाच्या इंटरनेटला पैसे किती लागतात आणि वेळ किती

अमेरिकेतल्या आपल्या फोनच्या बिलात खाली कुठेतरी ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ अशी एक ओळ असते. रक्कम लहान असते, म्हणून आपण ती वाचत नाही. शाळांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांच्या इंटरनेटला मिळणारी मदत त्याच पैशांतून येते. १९९६च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने ही सोय झाली आणि सगळे तिला ई-रेट म्हणतात. पैसे आपण भरतोच आहोत. गावच्या वाचनालयाने ते मागितले नाहीत, तर ते दुसऱ्या गावाला जातात.

मी एका छोट्या गावातल्या वाचनालयाचे हे अर्ज भरते. तुमच्यापैकी कोणी लायब्ररीच्या विश्वस्त मंडळावर असेल, कोणी मुलांच्या शाळेच्या समितीवर. अर्थसंकल्पाच्या बैठकीत ‘इंटरनेट’ ही ओळ आली की काय विचारायचं, ते कळावं म्हणून हे लिहिते आहे.

सवलत २० ते ९० टक्के असते आणि ती ठरते मुलांच्या जेवणावरून. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं जितकी जास्त, तितकी सवलत जास्त. वाचनालयाला स्वतःचा आकडा नसतोच. मुख्य शाखा ज्या शाळा-जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचा आकडा त्याला लागू होतो. आमच्या जिल्ह्यात निम्म्याहून जास्त मुलं पात्र आहेत, म्हणून आम्हाला ८० टक्के मिळतात.

आता हिशेब करू. इमारतीपर्यंत येणारं इंटरनेट हा पहिला कप्पा. महिन्याला ४५० डॉलर बिल धरलं, तर वर्षाचे ५,४०० होतात. त्यातले ४,३२० ई-रेटचे, १,०८० आपले. दुसरा कप्पा इमारतीच्या आतला: वायरिंग, स्विच, वाय-फायचे अॅक्सेस पॉइंट. त्याला पाच वर्षांची मर्यादा आहे. २०२६ ते २०३०च्या चक्रासाठी शाळांना दर विद्यार्थ्यामागे २०१.५७ डॉलर आणि वाचनालयांना दर चौरस फुटाला ५.४३ डॉलर. साडेतीन हजार चौरस फुटांच्या वाचनालयाचे यात १९,००५च होतात, पण लहान संस्थेसाठी ३०,१७५ डॉलरची किमान रक्कम ठरलेली आहे, तीच धरायची. तिचे ८० टक्के म्हणजे २४,१४०. उरलेले ६,०३५ डॉलर पाच वर्षांत आपल्याला उभे करायचे आहेत. मंडळाने ही रक्कम आधीच बाजूला ठेवावी, कारण आपला वाटा भरल्याशिवाय पुढचं काही होत नाही. तो वाटा पुरवठादार ‘माफ करतो’ म्हणाला, तर साफ नाही म्हणा; ते नियमात बसत नाही.

कशाला पैसे मिळत नाहीत, हेही आधीच कळलेलं बरं. कॉम्प्युटर आणि लॅपटॉप यात नाहीत. इंटरनेटसाठी ई-रेट घ्यायचं तर २०००च्या बाल-संरक्षण कायद्यानुसार आक्षेपार्ह चित्रं अडवणारं फिल्टर लावावं लागतं, पण त्या फिल्टरची किंमत मात्र आपली. सल्लागाराची फीसुद्धा आपलीच. एकच इमारत असलेल्या वाचनालयाने सल्लागार नेमण्याआधी एक वर्ष स्वतः करून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण शिकायला एक पैसाही लागत नाही. कार्यक्रम चालवणाऱ्या ‘युसॅक’ या संस्थेचे वेबिनार मोफत असतात, त्यांची रेकॉर्डिंग नंतरही बघता येतात. त्यांचं एक बातमीपत्र ईमेलने येतं. प्रत्येक राज्यात ई-रेटचं काम पाहणारे समन्वयक असतात. त्यांना फोन करायला लाजू नका. खर्च होतो तो वेळेचा. पहिल्या वर्षी मला साधारण चाळीस तास लागले, आता पंधरा पुरतात. हे तास कर्मचाऱ्याच्या कामात धरा; ‘फावल्या वेळात करून टाक’ असं सांगितलं की तारखा चुकतात.

आणि या कामात तारखा हेच सर्वस्व आहे. ई-रेटचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात फॉर्म ४७० भरून ‘आम्हाला हे हवं आहे’ असं जाहीर करायचं, निदान २८ दिवस थांबायचं, आलेल्या बोली तपासायच्या. तपासताना किमतीला सगळ्यांत जास्त गुण द्यावेच लागतात. मग करार, मग फॉर्म ४७१. त्याची खिडकी अलीकडे जानेवारीच्या मध्याला उघडते आणि मार्चअखेरीस बंद होते. मंजुरी आल्यावर, सेवा सुरू झाली की फॉर्म ४८६. सगळे कागद दहा वर्षं जपायचे. वर्षाला ३,६०० डॉलरपर्यंतचं, बाजारात सर्वांना मिळणारं व्यावसायिक इंटरनेट पुरेशा वेगाचं असेल, तर ४७०ची गरज नाही. लहान वाचनालयांचे बरेच कष्ट इथे वाचतात.

बोलीच्या काळात पुरवठादारांपासून अंतर ठेवा. शेजारच्या एका गावात विक्रेत्यानेच ४७० लिहून दिला होता. मदत म्हणून घेतला, आणि पुढे अर्जच बाद झाला. २० डॉलरपेक्षा महाग भेटवस्तूही घ्यायची नाही, आणि वर्षभरात एकाकडून ५०च्या वर नाही. दिवाळीचा डबा आला तरी किंमत विचारा.

माझ्या हातून झालेली चूक याहून साधी होती. मंजुरीचं पत्र आलं, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मी फाइल कपाटात ठेवली. आम्ही बिल पूर्ण भरत होतो, म्हणजे परतावा आम्हीच फॉर्म ४७२ भरून मागायचा होता. मासिक सेवेसाठी ती मुदत वर्ष संपल्यावर १२० दिवसांची असते. ३० जूननंतर मोजलं की २८ ऑक्टोबर. मला आठवण झाली तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. मुदतीच्या आत मागितली असती, तर आणखी १२० दिवस मिळाले असते. मंजूर झालेले पैसे गेले आणि त्या वर्षी मुलांच्या पुस्तकांची खरेदी कमी झाली. नवी पुस्तकं मांडायला ठेवलेली खालची फळी वसंतापर्यंत अर्धी रिकामी राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून २८ ऑक्टोबर माझ्या, संचालकांच्या आणि खजिनदारांच्या, अशा तिन्ही कॅलेंडरवर असतो.

नियम बदलत राहतात, म्हणून ते बातमीपत्र वाचायचंच. २०२४मध्ये घरी नेण्याच्या वाय-फाय हॉटस्पॉटना मदत मंजूर झाली. ३० सप्टेंबर २०२५ला एफसीसी या केंद्रीय दूरसंचार आयोगाने ती मागे घेतली, शाळेच्या बसमधल्या वाय-फायचीही. हॉटस्पॉट द्यायचेच असतील, तर आता पूर्ण पैसे स्थानिक खात्यातून काढा. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीची वसुली घटनेला धरून आहे असा निकाल दिला, त्यामुळे मूळ कार्यक्रमावरचं खटल्याचं सावट गेलं.

महाराष्ट्र मंडळांतून नेहमी विचारतात: आपल्या रविवारच्या मराठी शाळेला हे मिळेल का? नाही. राज्याच्या कायद्यानुसार प्राथमिक किंवा माध्यमिक शाळा असावी लागते. मंडळाच्या मराठी पुस्तकांच्या कपाटालाही नाही. पण आपले वर्ग पब्लिक स्कूलच्या इमारतीत भरत असतील, तर २०१०पासूनच्या नियमानुसार सुट्टीच्या वेळी समाजाला ते इंटरनेट वापरू द्यायची शाळेला मुभा आहे, आणि इंटरनेटचे वेगळे पैसे तिला घेता येत नाहीत. द्यायचं की नाही, हे शाळेने ठरवायचं. वर्गाच्या जागेचा करार करायला जाल, तेव्हा मुख्याध्यापकांना वाय-फायचंही विचारून या.