नशीब की कसब?

न्यूयॉर्क शहराच्या नगरसभेच्या एका समितीपुढे १९७६ सालच्या एप्रिल महिन्यात एक आगळीच साक्ष झाली. साक्षीदार होता रॉजर शार्प नावाचा तरुण लेखक, आणि पुरावा म्हणून सभागृहात आणली होती पिनबॉलची यंत्रे!

पिनबॉल म्हणजे काचेखालचा एक उतरता पट. खेळाडू दांडी मागे ओढून सोडतो. तिच्या धक्क्याने सुमारे ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी वर जाते आणि अडथळ्यांवर आपटत, गुण मिळवीत खाली येते. खिळे ठोकलेल्या लाकडी पाटीवर मुले जो बॅगाटेलचा खेळ खेळतात, त्याच कुळातला हा खेळ. पूर्वी गोळी एकदा सुटली, की खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे. म्हणून महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत, १९४२ साली, न्यूयॉर्कने हा खेळ जुगार ठरवून त्यावर बंदी घातली. जप्त केलेली यंत्रे घणांनी फोडण्यात आली.

पुढे १९४७ साली गॉटलीब कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रात फ्लिपर बसविले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच झटकन उचलल्या जाणाऱ्या छोट्या पट्ट्या. त्यांच्यामुळे गोळी परत वर टोलविता येऊ लागली. खेळ पालटला, कायदा मात्र तसाच राहिला.

मग या खेळात कसब ते कोणते? नवशिका खेळाडू घाबरून दोन्ही बटणे एकदम दाबतो. तेव्हा दोन्ही पट्ट्या वर उचलल्या जातात, त्यांच्यामधली फट रुंदावते आणि गोळी नेमकी तेथूनच निसटते! जाणता खेळाडू एकच फ्लिपर उचलून धरतो. गोळी त्याच्या कुशीत येऊन थांबते. आता घाई कसली? निशाणा ठरला, की तो बटण सोडतो. गोळी पट्टीवरून टोकाकडे घरंगळू लागते, आणि योग्य क्षणी तो पुन्हा बटण दाबतो. बुडाशी असतानाच टोला बसला, तर गोळी त्याच बाजूला वर जाते. टोकाजवळ बसला, तर पट ओलांडून पलीकडे जाते. कधी कधी तर काहीच न करणे हेच कसब ठरते. वेगाने येणारी गोळी स्थिर फ्लिपरवर आपटून आपोआप दुसऱ्या फ्लिपरकडे उडते आणि तेथे तिला आवरता येते. हात आवरणे हीच यातली सर्वांत अवघड गोष्ट होय.

यंत्राला हलका धक्का देऊनही गोळीची वाट बदलता येते. पण यंत्राच्या पोटात एक लंबक टांगलेला असतो. तो भोवतीच्या कड्याला टेकला, की फ्लिपर निर्जीव होतात आणि ती गोळी गेलीच म्हणून समजावे.

शार्पला हे सारे अवगत होते. पण यंत्रात काही लबाडी असेल, अशी एका सभासदाला शंका आली. त्याने राखून ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर खेळण्यास सांगितले. शार्प खेळू लागला, तरी त्या सभासदाचे समाधान होईना. तेव्हा शार्पने दांडीला हात घातला आणि म्हणाला, गोळी मधल्या वाटेने खाली येईल. त्याने दांडी सोडली. गोळी वर गेली, क्षणभर रेंगाळली आणि मधल्याच वाटेने उतरली.

समितीची खात्री पटली. त्याच वर्षी बंदी उठली. त्या एका टोल्यात नशिबाचाही वाटा होता, हे शार्पने पुढे मोकळेपणाने सांगितले.