जुन्या शेव्हेलमध्ये ट्रकचं इंजिन : पैसा नेमका जातो कुठे?

डेट्रॉइट, ह्यूस्टन किंवा बे एरियात स्थायिक झालेल्या, घराला ऐसपैस गॅरेज असलेल्या वाचकाच्या मनात 1968 ते 1972च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये ट्रकचं इंजिन बसवायचा बेत असेल, तर पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. या कामात इंजिनावर एकूण खर्चाचा लहानसा भागच जातो. बजेट कोलमडतं ते त्याच्या अवतीभवतीच्या वस्तूंनी. नोव्हा किंवा कॅमेरोचा हिशेबही साधारण असाच आहे.

इंजिन निवडायचं ते जनरल मोटर्सचं 5.3 लिटरचं व्ही-8. कारखान्यात त्याचं नाव एलएम7. 1999 सालापासून सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन या गाड्यांत ते लाखोंनी बसलं, म्हणून भंगार यार्डात आजही सहज मिळतं. 1972च्या शेव्हेलमधलं 307 घनइंचांचं इंजिन कारखान्याच्याच नेट मोजणीनुसार 130 अश्वशक्तीचं होतं. ट्रकचं हे इंजिन त्याच पद्धतीने मोजलं तर सालानुसार 270 ते 295 देतं, आणि थंडीतल्या सकाळीही चावी फिरवताच सुरू होतं. (1971पर्यंतच्या जाहिरातींतले आकडे ग्रॉस, म्हणजे फुगलेले असत. ते समोर ठेवून तुलना करू नये.)

यार्डात 4.8 आणि 5.3 लिटरची ही दोन इंजिनं बाहेरून ओळखू येत नाहीत. ब्लॉकवरही दोन्ही आकडे एकत्र कोरलेले असतात. म्हणून ज्या ट्रकमधून इंजिन निघतंय त्याच्या व्हीआयएनमधलं आठवं अक्षर पाहा : ‘टी’ असेल तर एलएम7, ‘व्ही’ असेल तर 4.8. विक्रेता व्हीआयएन दाखवत नसेल तर तिथून निघावं. 2007 नंतरच्या बऱ्याच 5.3 इंजिनांत चार सिलिंडर आपोआप बंद करणारी यंत्रणा आहे आणि तिचे लिफ्टर खराब होण्याची तक्रार जुनी आहे. पहिल्या प्रयोगासाठी ती इंजिनं टाळा. 2014 नंतरची, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी इंजिनंही टाळा. त्यांना लागणारी उच्च दाबाची इंधनव्यवस्था सगळा हिशेब बदलते.

नुसतं इंजिन साधारण 500 ते 1,200 डॉलरला मिळतं. तरी माझा सल्ला असा, की 1,500 ते 2,500 डॉलर मोजून गिअरबॉक्स, वायरिंग, संगणक आणि सगळे सेन्सर असलेला पूर्ण संच एकाच ट्रकमधून घ्या. साधारण 2003पासूनच्या ट्रकमध्ये थ्रॉटलला केबल नसते. तिथे अॅक्सिलरेटर पेडल आणि त्याचं नियंत्रण मॉड्यूलही त्याच ट्रकचं हवं. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवले की स्वस्त वाटतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. इंजिन घरी आणल्यावर आधी कॉम्प्रेशन तपासा. गास्केटं, सील, वॉटर पंप हे सगळं इंजिन बाहेर असतानाच बदला. त्याला 500 ते 800 डॉलर वेगळे काढून ठेवा.

आता खरा खर्च. ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं. शेव्हेलच्या आडव्या क्रॉसमेंबरला ते अडतं किंवा रस्त्याच्या फार जवळ येतं. 1998 ते 2002च्या कॅमेरोचं चेंबर, किंवा खास या कामासाठी बनवलेलं, 300 ते 450 डॉलरला पडतं. ट्रकचंच चेंबर कापून वेल्ड करायला सुचवणारे भेटतात. ते ऐकू नका. हे ओतीव अॅल्युमिनियमचं चेंबर गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला बोल्टने जोडलेलं असतं, सांध्याची मजबुती त्यावरही अवलंबून असते. इंजिन माउंटच्या जोडपट्ट्या 50 ते 150 डॉलर. ट्रकमध्ये एसीचा कॉम्प्रेसर खाली असतो आणि तो चॅसिसला लागतो, तेव्हा ब्रॅकेटं बदलायला 300 ते 800 धरा. ट्रकचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टीअरिंग बॉक्सजवळ अडचण करतात. हेडर आणि मफलरवाल्याकडचं पाइपकाम मिळून 1,000 ते 1,500 होतात.

इंधनव्यवस्थेवर मात्र हात आखडता घेऊ नका. जुन्या कार्बोरेटरला पाच ते सात पीएसआय दाब पुरत असे. या इंजिनाला 58 पीएसआय लागतो. चॅसिसला बाहेरून पंप लावायचा मार्ग दीडशे डॉलरमध्ये निभतो, पण तो पंप घोंघावतो, तापतो, आणि टाकी पाव भरलेली असताना वळणावर इंजिनाचा घास तोडतो, कारण जुन्या टाकीत पेट्रोल एका जागी धरून ठेवणाऱ्या भिंती नसतात. टाकीच्या आत बसणारा पंप, त्यासाठी बनवलेली नवी टाकी आणि नळ्या यांना 600 ते 900 डॉलर लागतात. ते द्यावेत. इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते : 1999 ते 2003च्या कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्येच दाब-नियंत्रक असतो, त्यामुळे परतीची नळी इंजिनापर्यंत न्यावी लागत नाही. कार्बोरेटरच्या काळातला रबरी पाइप मात्र या दाबाला अजिबात वापरू नका. तो फुटला तर पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर उडतं, आणि गाडी जळायला तेवढं पुरेसं आहे.

वायरिंगची भीती लोक उगाच बाळगतात. ट्रकची स्वतःची वायरिंग सोडवून नको त्या तारा काढणं हे आठवडाभराच्या संध्याकाळचं काम आहे. कुणाकडून करून घेतलं तर 300 ते 500, नवी तयार 600 ते 900 डॉलर. संगणकातली चोरी-प्रतिबंधक प्रणाली बंद करून मूळ ट्यून बदलून द्यायला 100 ते 200. ते न केल्यास इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं.

गिअरबॉक्समध्ये खरी बचत होऊ शकते. गाडीत असलेला तीन गिअरचा टीएच350 चांगला असेल तर योग्य स्पेसर आणि फ्लेक्सप्लेट लावून तोच या इंजिनाला जोडता येतो. खर्च शे-दीडशे डॉलर. हायवेवर रोज धावायचं असेल तर ट्रकचा चार गिअरचा 4एल60-ई घ्यावा. त्याच्या चौथ्या गिअरचं प्रमाण 0.70 आहे, त्यामुळे वेगातही इंजिन शांत फिरतं. त्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायला 250 ते 400 लागतात आणि जुना केबलचा स्पीडोमीटर चालवायला वेगळी जोडणी घ्यावी लागते. रेडिएटर आणि विजेचा पंखा मिळून 400-500. हेडमधून निघणारी वाफेची बारीक नळी रेडिएटरला किंवा वॉटर पंपाला जोडायची राहू देऊ नका.

स्वतःच्या हाताने केलं तर एकूण 6,000 ते 9,000 डॉलर. गॅरेजला दिलं तर 60 ते 100 तासांची मजुरी वाढते, आणि तासाला 120 ते 180 डॉलरच्या दराने सगळं मिळून साधारण 13,000 ते 27,000वर जातं. पुढच्या चाकांना अजून ड्रम ब्रेक असतील तर डिस्क ब्रेकचे 500 ते 1,000 डॉलर इंजिनाच्याही आधी बाजूला काढा. ताकद दुप्पट करून थांबण्याची सोय जुनीच ठेवू नये.

गाडी मूळ क्रमांकांच्या इंजिनासह आलेली शेव्हेल एसएस 396 असेल, तर हे काम करूच नका. विक्रीच्या वेळी बसणारा फटका वाचलेल्या पेट्रोलने भरून निघत नाही. साध्या 307वाल्या शेव्हेल मालिबूला ही काळजी नाही.

कायदा राज्यानुसार बदलतो. मिशिगनमध्ये नियमित धूरचाचणी नाही. कॅलिफोर्नियात 1975पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक माफ आहे. 1976 आणि पुढच्या गाडीत मात्र बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा नंतरचं हवं, त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी उपकरणं जागेवर हवीत, आणि सरकारी रेफरीकडून तपासणी करून घ्यावी लागते. हेवी-ड्यूटी ट्रकचं 6.0 लिटरचं इंजिन अशा गाडीत तिथे चालत नाही. विमा काढताना ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागा आणि बदल लेखी कळवा. सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये असतील तर विमा कंपनीशी किंमत ठरवताना त्याच दाखवता येतात.