लेटमार्क आणि देवाची वेळ

प्रश्न : मी माकुणसारची. सफाळ्याहून लोकलने कामाला जाते. मेलला वाट द्यायला गाडी थांबते, लेटमार्क लागतो. ‘देवाची वेळ’ म्हणून सोसायचं का?

उत्तर : ताई, लेटमार्क देव लावत नाही. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, पण विरारपुढे लोकल आणि मेल एकाच दुहेरी मार्गावर धावत आल्या. खोळंबा त्यातून होतो. त्यासाठी चौपदरीकरण हवंच, ते मागत राहा. श्रद्धेचं म्हणाल, तर मला पुंडलिक आठवतो. आईवडिलांची सेवा सोडवेना, म्हणून त्याने विठ्ठलाला वीट दिली आणि देव थांबला. आपल्या देवालाही वाट पाहणं ठाऊक आहे! गाडी अडली की घड्याळावरची नजर काढून खिडकीबाहेरच्या खाडीकडे पाहा, नाव घ्या. आणि साहेबांकडे पंधरा मिनिटांची सवलत आजच मागा.