परक्या गांवीं वस्ती
(वाचावयाचा भाग : लूक 10:1–9)

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत समुद्राच्या कांठीं मुरुड म्हणून एक गांव आहे. जंजिऱ्याजवळचें मुरुड तें निराळें. नारळी-पोफळींच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे आणि पुढें वाळूची लांब पुळण असें हें गांव असून त्याच्या उत्तरेस अदमासें दोन कोसांवर हर्णै बंदर व पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग आहे. परदेशच्या माणसानें सेवेसाठीं खेड्यांत येऊन राहावें ही गोष्ट अलीकडची आहे, असें पुष्कळांस वाटतें. अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण 1961 पासून 1976 पर्यंत आपल्या देशांत येत होते, हें कित्येक वृद्धांस आठवत असेल. आजही वर्ष सहा महिन्यांसाठीं असे पाहुणे खेड्यांत येतात. परंतु हर्णैच्या किनाऱ्यावर हा प्रकार ह्याच्याही पुष्कळ आधीं घडला, आणि आमच्या मतें त्यांतील खरा धडा पाहुण्यापेक्षां त्याला घरांत घेणाऱ्याविषयींचा आहे.

1823 सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी रेव्ह. डोनल्ड मिचेल मुंबईस उतरले. सोसायटीचा ओढा पुण्याकडे होता. पण पेशवाई बुडून थोडींच वर्षें झालीं होतीं, तेथें मिशनरी गेल्यास लोक बिथरतील ह्या भीतीनें कंपनी सरकारनें परवानगी दिली नाहीं. म्हणून सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट हें ठिकाण धरावें लागलें. मिचेलसाहेब त्याच वर्षीं मरण पावले. मागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन व 1827 सालीं रॉबर्ट नेस्बिट हे आले, आणि बाणकोटाबरोबर हर्णै येथेंही त्यांचें ठाणें झालें.

1829 च्या आरंभीं जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट हीं मुंबईस आलीं. त्यांनीं शहरांत लागलेंच काम मांडलें नाहीं; मराठी शिकण्यासाठीं तीं ह्या किनाऱ्यावर येऊन राहिलीं. दापोलीच्या बाजूस वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. शिडाच्या गलबतांच्या त्या काळीं पावसाळ्याच्या तोंडीं बंदर मिटलें म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईची वाट समुद्रानें बंदच असे. ज्यांनीं कोंकणांत एक पावसाळा काढला आहे त्यांस सांगावयास नको कीं, अशा वेळीं परक्या माणसाला शेजाऱ्यावांचून गति नसते. छप्पर गळलें, सरपण भिजलें, धान्यास बुरशी आली, तर कोणास विचारावें? आणि विचारावयाचें तें मराठींतच. वर्षाच्या अखेरीस विल्सनसाहेब मुंबईस परतले तेव्हां ते मराठींत उपदेश करूं लागले होते. मार्गारेटबाईंनीं 1835 सालीं मरण येईपर्यंत मुंबईंत मुलींच्या शाळांचें काम केलें. नेस्बिटसाहेबांची मराठी मिशनऱ्यांत नांवाजलेली होती. स्टीव्हन्सनसाहेबांनीं मराठीचें व्याकरण लिहिलें. किनाऱ्यावरचें ठाणें मात्र फार वर्षें टिकलें नाहीं; मिचेल व स्टीव्हन्सन पुण्यास गेले. शिकवावयास आलेले शिकून गेले, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

पण त्यांना शिकविलें कोणीं? मिशनऱ्यांचीं नांवें पुस्तकांत छापलेलीं आहेत. त्या काळीं युरोपियनांस मराठी शिकविणारे बहुधा ब्राह्मण पंडित असत. त्यांचीं नांवें, तसेंच पाहुण्यांस घर देणाऱ्यांचीं व त्यांचें पाणी भरणाऱ्यांचीं नांवें कोण सांगतो? साहेबांस गांव नकोसें झालें तर त्यांस गलबत होतें. पंडिताला त्याच गांवांत आपल्या मुलांचीं लग्नें करावयाचीं होतीं.

गांवाची ही सत्ता केवढी असते हें खुद्द मुरुडनेंच पुढें दाखविलें. अण्णासाहेब म्हणजे धोंडो केशव कर्वे ह्याच गांवांत वाढले. 1893 सालीं त्यांनीं पुण्यास एका विधवेशीं विवाह केला, आणि मुरुडकरांनीं त्यांजवर बहिष्कार घातला. ज्या घरीं वाढावें त्याच घरीं उतरलें तर आई व भाऊ वाळीत पडतील, अशी स्थिति आली. 1958 सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, तें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या मधल्या वर्षांत त्यांच्या आईनें मुरुडास शेजारणींच्या तोंडाकडे पाहून काय सोसलें असेल, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. घरच्या माणसाची ही गत, तर समुद्रापलीकडच्या पाहुण्याला थारा देणाऱ्याची काय होत असेल?

आतां वाचलेल्या भागाकडे पाहूं. प्रभूनें सत्तर जणांस गांवोगांव पाठवितांना, एकाच घरीं राहा, पुढें वाढतील तें खा, घरोघर फिरूं नका, असें सांगितलें. हें पाहुण्याच्या सोयीसाठीं सांगितलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. चांगलें जेवण मिळतें म्हणून दुसऱ्या घरीं जाणारा पाहुणा पहिल्या घराची अब्रू चारचौघांत घालवितो. आपल्यांतील ज्या उपदेशकांची बदली अनोळखी गांवीं झाली असेल ते हें जाणतात. ज्यानें पहिल्या रात्रीं पडवी झाडून दिली, त्याला दुसऱ्या दिवशीं भावकी काय काय विचारते, हें त्यांनीं ऐकलेलें असतें.

आणि वाढलेलें खावें हें खरें; पण वाढणाऱ्याचें काय खर्चीं पडतें तेंही पाहावें. घरांत रोज भात, कुळथाचें पिठलें व सुकी मासळी. समजा, परदेशचा तरुण आला. लगेच ताजी सुरमई येते, गव्हाच्या पोळ्या होतात, आणि वाण्याकडची उधारी वाढते. तो परत जाऊन आपल्या लोकांस सांगतो कीं, तीं माणसें गरीब, पण किती आनंदी! उधारी त्याला दिसलेली नसते. ह्यापेक्षां त्यानें महिन्याचा तांदूळ भरून द्यावा, आणि पहिल्या आठवड्यानंतर घरच्यांबरोबर पिठलेंच खाईन असा हट्ट धरावा. असला हट्ट कोणास बोचत नाहीं. पाण्याचेंही तसेंच. जांभ्याच्या जमिनींत एवढा पाऊस पडूनही पाणी ठरत नाहीं, आणि चैत्र-वैशाखांत विहिरी तळाला जातात. दोन वेळां स्नान करणाऱ्या पाहुण्यासाठीं घरच्या सुनेला किती खेपा पडतात, त्या त्यानें एकदां तरी स्वतः कळशी उचलून मोजाव्या.

यजमानांसही एक शब्द सांगावासा वाटतो. पाहुण्यापुढें घरची अडचण झांकावी अशी आपली रीत आहे, आणि ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोन दिवसांच्या पाहुण्याची रीत वर्षभर राहणाऱ्याला लावूं नये. पहिल्याच दिवशीं त्याला विहिरीवर न्यावें, पाणी आज कोठें आहे व वैशाखांत कोठें जातें तें कांठावरून दाखवावें, आणि त्यानें तांदळाचा भाव विचारला तर लाजूं नये.